खांद्याचें दुखणें आणि अमेरिकेची करोपचारविद्या

खांद्याचें दुखणें हें मोठें अवघड जागेचें दुखणें आहे. ज्वर आला तर माणूस अंथरूण धरतो आणि घरांतील सर्वांस तें कळतें. पाय मोडला तर सारें घर त्याच्या भोंवतीं गोळा होतें. खांदा दुखणारा मनुष्य मात्र चालतो, बोलतो, चारचौघांबरोबर पंगतीस बसतो. त्याच्याकडे पाहून त्यास कांहीं झालें आहे असें कोणासही वाटत नाहीं. परंतु श्राद्धाच्या दिवशीं अपसव्य करतांना त्याचा हात अर्ध्या वाटेवर अडतो, सदरा काढतांना तोंडावाटे 'हाय' निघतें, आणि रात्रीं त्या कुशीवर वळतांच झोप उडते. स्त्रियांची अडचण तर याहून अधिक. वेणी घालणें, दांडीवर धुणें टाकणें, फडताळांतील वरच्या फळीवरचा डबा काढणें, देवघरांतील समई उचलून ठेवणें, या सर्व गोष्टी खांद्याच्या जोरावर होत असतात. आणि तो जोर गेला तरी कामें करणारे हात घरांत तेच असतात.

अलीकडे या दुखण्यावरील एक उपाय आपल्याकडे घरोघर कानांवर येऊं लागला आहे. मुलेंबाळें अमेरिकेंत असलेल्या कुटुंबांत "तिकडे कायरोप्रॅक्टरकडे जातात" हें वाक्य आम्हीं अनेकदां ऐकलें. नातवंडें तर मोबाइलच्या पडद्यावर तो प्रयोग प्रत्यक्ष दाखवितात: उपचारक रुग्णाची मान धरतो, एका झटक्यानें वळवितो, 'कट्' असा आवाज होतो, आणि रुग्ण हंसत उठतो. हें पाहून घरांतील एखाद्या वृद्ध माणसास आपलाही खांदा असाच मोकळा व्हावा असें वाटल्यास त्यांत नवल नाहीं. म्हणून ही विद्या कोठें व कशी निपजली, खांद्याच्या दुखण्यांत ती किती उपयोगी पडते, आणि तिच्या दारीं जाण्यापूर्वीं काय पाहिलें पाहिजे, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

या विद्येचा जनक डॅनिएल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा. त्याचा जन्म १८४५ चा. त्यानें कांहीं काळ वाणसामानाचें दुकान चालविलें व पुढें आयोवा राज्यांतील डॅव्हनपोर्ट या गांवीं हात फिरवून रोग बरे करण्याचा व्यवसाय आरंभिला. त्याच इमारतींत झाडलोट करणारा हार्वी लिलार्ड नांवाचा एक बहिरा मनुष्य होता. १८ सप्टेंबर १८९५ रोजीं पामरनें त्याच्या पाठीचा एक वर आलेला मणका हातानें दाबून बसविला आणि त्यास ऐकूं येऊं लागलें, अशी या पंथाची उत्पत्तिकथा आहे. लिलार्डच्या मुलीनें पुढें सांगितलेली हकीकत मात्र निराळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणें थट्टामस्करींत पाठीवर बसलेल्या थापेपासून या गोष्टीचा आरंभ झाला. कथा कोणतीही खरी असो, श्रवणाची नाडी कवटीच्या आंतच असते, ती पाठीच्या मणक्यांतून जात नाहीं, हें आज शाळेंतील मुलासही ठाऊक आहे. सॅम्युअल वीड नांवाच्या एका धर्मोपदेशकानें 'हात' व 'क्रिया' या अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून या उपचारास 'कायरोप्रॅक्टिक' हें नांव बनवून दिलें. आपल्या भाषेंत त्यास करोपचार म्हणतां येईल.

पामरनें १८९७ सालीं आपली पाठशाळा काढली. परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल १९०६ सालीं त्यास तुरुंगवासही घडला. त्याचा सिद्धांत असा कीं, मणके जागचे हलले म्हणजे मज्जातंतूंवर ताण पडतो, शरीरांतील उपजत चैतन्यशक्तीचा प्रवाह अडतो आणि रोग उद्भवतो. तेव्हां मणका जागीं बसविला कीं रोग जातो. १९१० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें शेंकडा ९५ रोग हललेल्या मणक्यांमुळें होतात व उरलेले इतर सांधे हलल्यामुळें होतात, असा हिशेबच मांडला. म्हणजे आपला बिचारा खांदा जनकाच्या दृष्टीनें त्या उरलेल्या पांचांत पडला!

एकच कारण धरून सर्व रोगांची उपपत्ति लावणारें शास्त्र पाहिलें कीं आम्हांस शंका येते. पण एवढ्यावरून या विद्येचा निकाल लावणें योग्य होणार नाहीं, कारण गेल्या सव्वाशें वर्षांत ती पुष्कळ बदलली आहे. अमेरिकेंत कॅन्सस राज्यानें १९१३ सालीं तिच्यासाठीं पहिला कायदा केला, आणि १९७४ सालीं लुइझियाना राज्यानें परवाने देण्याचें मान्य केल्यावर सर्व राज्यांत तिला कायद्याचें स्थान मिळालें. तेथील डॉक्टरांच्या महामंडळानें १९६३ सालीं भोंदू वैद्यकीच्या निर्मूलनासाठीं एक समिति नेमून या मंडळींवर जणूं बहिष्कारच घातला होता. त्याविरुद्ध चेस्टर विल्क व इतर कांहीं कायरोप्रॅक्टर १९७६ सालीं न्यायालयांत गेले; १९८७ सालीं न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनीं तो बहिष्कार बेकायदा ठरविला आणि १९९० सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल कायम केला. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. न्यायालयानें व्यापारांतील अन्याय दूर केला. विद्येच्या सत्यतेचें प्रमाणपत्र दिलें नाहीं. उलट २०१० सालीं ब्रिटनमधील या व्यवसायाच्या नियामक मंडळानेंच स्पष्ट केलें कीं, मणका हलल्यानें रोग होतात ही कल्पना ऐतिहासिक असून तिला संशोधनाचा आधार नाहीं. आपल्या मूळ सिद्धांताबद्दल असें सांगावयास धैर्य लागतें, आणि त्याबद्दल त्या मंडळाची प्रशंसाच केली पाहिजे.

आतां खांद्याकडे वळूं. मांडीचें हाड कमरेच्या खोल वाटींत बसलेलें असतें, पण दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या फऱ्याला असलेल्या एका उथळ खळग्यावर नुसता टेकलेला असतो. बशीवर नारळ ठेवावा तशी ही रचना. गोळ्याचा फार तर तिसरा हिस्सा एका वेळीं त्या खळग्यास लागून असतो. त्यास धरून ठेवण्याचें काम चार लहान स्नायूंच्या कंडरा व भोंवतालची एक पिशवीसारखी त्वचा करीत असते. या सैल रचनेमुळेंच मनुष्याचा हात सर्व दिशांस फिरतो, आणि तिच्यामुळेंच खांदा लवकर बिघडतो. शिवाय हात डोक्यावर नेतांना जी १८० अंशांची फेरी होते, तींतील सुमारें १२० अंश सांध्यांत व ६० अंश फरा पाठीवर सरकल्यामुळें होतात. म्हणून पाठ व मान आंखडलेली असली तर खांद्यासही त्याचा भार सोसावा लागतो.

आपल्या प्राचीनांनीं या सांध्याकडे दुर्लक्ष केलें नव्हतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अवबाहुक नांवाचा विकार सांगितला आहे. त्यांत खांद्याचीं बंधनें शुष्क होतात व शिरा आकुंचन पावतात असें वर्णन आहे. त्याच संहितेंत भग्नचिकित्सेच्या अध्यायांत खांदा निखळला असतां काखेंत मुसळ घालून तो वर उचलावा व जागीं बसल्यावर स्वस्तिकबंध बांधावा असें सांगितलें आहे. ओढणें, दाबणें, जुळविणें व बांधणें या चार क्रियाही तेथें आहेत. हातानें सांधा बसविण्याची कला डॅव्हनपोर्टमध्यें जन्मली नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल. पण सुश्रुताचें मुसळ खरोखर निखळलेल्या सांध्यासाठीं होतें. दुखणारा प्रत्येक खांदा निखळलेला नसतो, आणि सगळी गोम येथेंच आहे.

बहुतेक दुखरे खांदे दोन प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार कंडरांचा. वयोमानानें किंवा अतिश्रमानें त्या झिजतात, क्वचित् फाटतात. हात बाजूनें वर नेतांना मध्येंच कळ येते, पण दुसऱ्यानें उचलून दिला तर तो पुष्कळसा वर जातो. दुसरा प्रकार थिजलेल्या खांद्याचा. 'फ्रोजन शोल्डर' हें नांव बोस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनीं १९३४ सालच्या आपल्या ग्रंथानें रूढ केलें. यांत सांध्याभोंवतालची पिशवी जाड होऊन आकसते. हात स्वतः उचला किंवा दुसऱ्यानें उचलून द्या, एका ठराविक जागीं तो अडतोच. विशेषतः कोपर कुशीस टेकवून पंजा बाहेरच्या अंगास वळवितां येत नाहीं. चाळीस ते साठ या वयांत, पुरुषांपेक्षां स्त्रियांत, आणि मधुमेह्यांत हा विकार अधिक आढळतो. सर्वसाधारण लोकांत शेंकडा २ ते ५ व मधुमेह्यांत १० ते २० असें त्याचें प्रमाण सांगतात. प्रथम वेदना, मग ताठरपणा, मग हळूहळू मोकळीक, अशा तीन अवस्थांतून जाण्यास त्यास एक ते तीन वर्षें लागतात.

कायरोप्रॅक्टर अशा रुग्णासाठीं काय करतो? मान व पाठीच्या वरच्या मणक्यांस झटका देतो, सांधा हळूहळू हलवितो, स्नायू दाबून सैल करतो, आणि विचारी असला तर व्यायाम शिकवितो. त्या प्रसिद्ध 'कट्' आवाजाचा उलगडा मात्र सर्वांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यांतील द्रवावरचा दाब एकदम कमी झाला कीं तेथें वायूची पोकळी उत्पन्न होते, तिचा तो आवाज. कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं बोटांच्या सांध्यांचीं चुंबकीय चित्रें घेऊन हें दाखविलें. आवाजानंतर थोडा वेळ बरें वाटतें, हें खोटें नाहीं. पण बरें वाटणें निराळें आणि बरें होणें निराळें.

उपयोगाचा पुरावा काय म्हणतो तेंही पाहूं. नेदरलँड्समध्यें खांदा दुखणाऱ्या १५० रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २००४ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांस नेहमींचे वैद्यकीय उपचार मिळाले. कांहींस त्याखेरीज मान, पाठ व बरगड्यांच्या सांध्यांवर हस्तोपचार मिळाले. बारा आठवड्यांनीं हस्तोपचार घेतलेल्यांपैकीं शेंकडा ४३ जणांनीं व इतरांपैकीं शेंकडा २१ जणांनीं आपण पूर्ण बरे झाल्याचें सांगितलें. हा लाभ खरा, पण तो नेहमींच्या उपचारास जोडून मिळालेला होता, आणि ते हस्तोपचारक कायरोप्रॅक्टर नसून भौतिकोपचारक होते, हेंही सांगितलें पाहिजे. थिजलेल्या खांद्याविषयीं २०१४ सालीं झालेल्या एका मोठ्या समालोचनांत असें दिसलें कीं, पहिल्या कांहीं आठवड्यांत हस्तोपचार व व्यायाम यांपेक्षां सांध्यांत दिलेल्या स्टेरॉइडच्या टोचणीचा गुण अधिक येतो. ब्रिटनमधील ३५ इस्पितळांत ५०३ रुग्णांवर झालेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत टोचणीसह भौतिकोपचार, भूल देऊन खांदा फिरविणें आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्ही उपायांची तुलना झाली. वर्षअखेर कोणताही एक उपाय दुसऱ्याहून ठळकपणें सरस ठरला नाहीं. कंडरांच्या दुखण्याच्या ७०८ रुग्णांवरील २०२१ च्या प्रयोगांत तर एकदां नीट समजावून व्यायाम शिकविणें आणि सहा वेळां बोलावून शिकविणें यांचें फळ सारखेंच आलें. तात्पर्य, खांद्यावर जादू कोणाजवळच नाहीं. शस्त्रवैद्याजवळही नाहीं आणि झटका देणाऱ्याजवळही नाहीं.

आमची एक पुतणी न्यू जर्सींत असते. वय एक्कावन्न. डावा खांदा धरला तेव्हां ती प्रथम एका कायरोप्रॅक्टरकडे गेली. त्यानें तिच्या पाठीच्या कण्याचें चित्र दाखवून चोवीस बैठकी सांगितल्या व पैसे आगाऊ घेतले. आठ बैठकींनंतर मान हलकी झाली, हात होता तेथेंच राहिला. मग शेजारणीच्या सांगण्यावरून ती दुसऱ्याकडे गेली. हाही कायरोप्रॅक्टरच. त्यानें तिला उभें करून कोपरें कुशीस लावावयास सांगितलीं, पंजा स्वतःच्या हातानें बाहेर वळवून पाहिला, आणि म्हणाला, "हा सांधा थिजला आहे. तुमची मान व पाठ मी सैल करून देईन, पण सांधा आपला वेळ घेईल. आधीं आपल्या डॉक्टरांकडून रक्तांतील साखर तपासून घ्या." साखर वाढलेली निघाली. पुढें टोचणी झाली (मधुमेह्यास या टोचणीनंतर कांहीं दिवस साखर चढते, म्हणून तीवर लक्ष ठेवावें लागलें), घरीं व्यायाम झाला, आणि सव्वा वर्षानें तिनें फोनवर आम्हांस कळविलें, "काका, आज वेणी माझी मीच घातली." एकाच व्यवसायांतील हे दोन गृहस्थ. पहिल्यानें आपली विद्या पाहिली, दुसऱ्यानें रुग्ण पाहिला.

पैशाविषयींही दोन शब्द. अमेरिकेंतील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेनें १९७२ च्या कायद्यान्वयें कायरोप्रॅक्टिकचा समावेश केला, पण तो केवळ पाठीच्या कण्यावरील हस्तोपचारापुरता. खांद्यावरील उपचाराचा खर्च ती देत नाहीं. मुलांकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आपल्याकडे जाणाऱ्यांनीं उपचारकास निःसंकोच विचारावें: ही विद्या आपण कोठें शिकलांत, किती वर्षें शिकलांत? अमेरिकेंत हा अभ्यासक्रम महाविद्यालयीन शिक्षणानंतर सुमारें चार वर्षांचा असतो. आठवड्याच्या शिबिरांत मिळालेली पदवी व ही पदवी एक नव्हे. भौतिकोपचारकांचा व्यवसाय मात्र आपल्या देशांत २०२१ च्या कायद्यानें राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेंत आणला आहे, आणि व्यायाम शिकण्यास तेवढा माणूस बहुधा पुरतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खांद्यांत दुखतें म्हणून दोष खांद्यांतच असेल असें नाहीं. हात कसाही हलविला तरी वेदना कमीअधिक होत नसेल, तर ती दुसरीकडून आलेली पाहुणी असण्याचा संभव फार. जिना चढतांना डाव्या खांद्यांत व दंडांत भरून येणें, त्याबरोबर घाम, धाप किंवा जबड्यांत कळ, हें हृदयाचें लक्षण असूं शकतें. तेथें तेल चोळीत बसणें म्हणजे हातचे अमूल्य क्षण गमावणें होय. तुपकट जेवणानंतर उजव्या खांद्याच्या टोकाशीं येणारी कळ पित्ताशयाची असूं शकते. धूम्रपान करणाऱ्याचा रात्रंदिवस दुखणारा व दिवसेंदिवस वाढणारा खांदा फुप्फुसाच्या शेंड्यावरील रोग सुचवूं शकतो. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे एकदम दुखूं लागले व सकाळीं तासन् तास आंखडले, तर रक्त तपासावें. पडल्यानंतर हात उचलतांच येत नसेल तर अस्थिभंग किंवा फाटलेली कंडरा नाहीं याची खात्री क्ष-किरणांनीं व डॉक्टरांकडून करून घ्यावी. ज्यांचीं हाडें ठिसूळ झालीं आहेत किंवा जे रक्त पातळ करण्याचें औषध घेतात, त्यांनीं झटक्याच्या उपचारापासून दूर राहावें. मानेच्या झटक्यानंतर मानेंतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत; तीं विरळा आहेत, आणि दोष झटक्याचा कीं आधींपासूनच फाटूं लागलेल्या वाहिनीचा याविषयीं वाद आहे. परंतु खांद्यासाठीं मानेचा धोका पत्करण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं.

घरीं करण्यासारखे उपाय साधे आहेत. निरोगी हात मेजावर टेकवून किंचित् वांकावें, दुखरा हात लंबकासारखा खालीं सोडावा व त्यानें लहान लहान वर्तुळें काढावीं. भिंतीकडे तोंड करून बोटांनीं भिंत चढावी व रोजची उंची खडूनें खुणावावी. दोन्ही हातांत काठी धरून, कोपरें कुशीस लावून, चांगल्या हातानें दुखरा हात बाहेरच्या अंगास हळू ढकलावा. आधीं शेक घ्यावा. वेदनेच्या पहिल्या अवस्थेंत जोर करूं नये. थोडें दुखणें चालेल, पण तें दुखणें रात्रीं झोंप मोडीत असेल तर प्रमाण कमी करावें. झोंपतांना दुखऱ्या हाताखालीं लहान उशी ठेवावी. हें सर्व दिवसांतून दोनतीनदां, महिनेन् महिने. एवढ्या चिकाटीची सोय कोणत्याही उपचारकाच्या दारीं विकत मिळत नाहीं.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील कर्त्या मंडळींस एक विनंति आहे. आपल्या घरांतील स्त्रिया खांदा दुखल्याचें सहसा बोलत नाहींत. वहिनी डबा उजव्याऐवजीं डाव्या हातानें काढूं लागतात, आई वेणी घालण्याचें सोडून नुसता अंबाडा गुंडाळते, आजी देवापुढें हात जोडतांना एक कोपर कुशीस धरून ठेवते; आणि आपण तें पाहून न पाहिल्यासारखें करतों. आज संध्याकाळीं घरांतील प्रत्येकास दोन्ही हात डोक्यावर न्यावयास व मग पाठीमागें बांधावयास सांगावें. ज्याचा हात अडेल त्याच्या वरच्या फळीवरचे डबे आजच खालीं आणावे, उद्यां त्याची साखर तपासून घ्यावी, आणि परवां त्यास डॉक्टरांकडे न्यावें. त्यानंतर कोणाच्या हातून मान वा पाठ मोकळी करून घ्यावीशी वाटली, तर तो विचार सावकाश करतां येईल.